डायनिंग टेबलवरचा गुडघा

माझं प्रोफेशनल फुटबॉलचं करिअर सकाळी अकराला सुरू झालं आणि दुपारी पावणेदोनला संपलं. मध्ये लंचब्रेक होता, तो धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. फुटबॉल म्हणजे इंग्लंडात सगळे ज्याच्यामागे वेडे आहेत तो नव्हे, आणि रग्बीही नव्हे. ऑस्ट्रेलियन रूल्स. अंड्यासारखा चेंडू, अंड्यासारखं मैदान, आणि दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेत चढायची रीतसर परवानगी. मिरजेत जन्मलेल्या आणि साउथहॅम्प्टनमध्ये वाढलेल्या मुलाने हा खेळ खेळावा, हे कुठल्या ज्योतिषाला सुचलं नसतं. माझं वय आठवणी लिहायचं नाही हे मला कळतं. पण माझा डावा गुडघा सत्तरीचा आहे असं मला एक्स-रे दाखवून सांगितलेलं आहे, तेव्हा निदान गुडघ्यापुरतं लिहायचा मला हक्क आहे. आणि मराठीत लिहितोय, कारण जे झालं ते सगळं मराठीत झालं. इंग्रजीत सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘सो सॉरी टु हिअर दॅट,’ आणि बिस्किटाची प्लेट पुढे करतो. मला बिस्किट नकोय.

आमचं घर म्हणजे चढावरच्या रस्त्यावरचं एक सेमी-डिटॅच्ड, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. सकाळी धुकं असलं की बंदरातल्या जहाजांचे भोंगे माझ्या खोलीपर्यंत यायचे आणि खाली आईच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना उत्तर द्यायच्या. आमच्या घराचा खरा आवाज मात्र स्मोक अलार्मचा. आईने आमटीला फोडणी घातली रे घातली की तो कोकलायला लागायचा, आणि हातातलं असेल ते टाकून टी-टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभं राहणं ही माझी नेमणूक होती. मी चौदाव्या वर्षीच सहा फूट झालो याचं एवढंच कौतुक आईला होतं, की आता याला स्टूल लागत नाही.

खायच्या खोलीत सहा खुर्च्यांचं ओकचं डायनिंग टेबल होतं. आधीचे मालक ते सोडून गेले होते, कारण ते दारातून बाहेर निघेना. त्यावर आम्ही जेवायचो, मी होमवर्क करायचो, आणि रविवारी जेवणं झाली की त्याचा दवाखाना व्हायचा. बाबा ऑर्थोपेडिक सर्जन. आई प्लॅस्टिकचं कव्हर काढायची, वर निळा बाथ टॉवेल अंथरायची, आणि महाराष्ट्र मंडळातली माणसं एकेक करून कंबर, खांदे, गुडघे घेऊन यायची. कुणी बॉर्नमथहून, कुणी रेडिंगहून. एकदा इल्फर्डहून एक आजी फक्त बाबांनी टाच दाबून बघावी म्हणून तीन तास गाडीत बसून आल्या होत्या. ‘घरच्या घरी होतंय ना, मग कशाला जीपीकडे,’ हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. माझ्या कांजिण्या, हनुवटीचे टाके, आईची अर्धशिशी, सगळं घरच्या घरी. या घरात राहायला आलो तेव्हा नवीन सर्जरीत, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, नावं नोंदवायची राहिली ती राहिलीच, कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. डॉक्टरच्या घरातल्या माणसाने दुसऱ्या डॉक्टरच्या दारात जाऊन नंबर लावायचा म्हणजे आमच्याकडे जरा कमीपणाच वाटायचा. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. शाळेतली बाकीची मुलं वेटिंग रूममध्ये बसतात, आणि आमच्याकडे डॉक्टर पोहे खात बसलेला असतो.

बाबांबद्दल इथे चार शब्द लिहायला हवेत, नाहीतर तुम्ही त्यांना नुसता खलनायक समजाल. तसं समजलात तरी माझी हरकत नाही, पण पुरं ऐका. ते शहरापासून तासभर लांबच्या एका लहान हॉस्पिटलात स्टाफ ग्रेड होते. स्टाफ ग्रेड म्हणजे कन्सल्टंटच्या, म्हणजे मुख्य सर्जनच्या, एक पायरी खाली, आणि बहुतेकांसाठी जन्मभर तिथेच. ऑपरेशनं तीच, हात त्याहून चांगला, पण दारावर नाव नाही. त्यांच्याकडून शिकलेली पोरं कन्सल्टंट व्हायची आणि मग त्यांनाच ‘शरद, बी अ स्टार, माझी ऑपरेशनची लिस्ट बघशील का’ म्हणायची. ते बघायचे. घरी येऊन कोट खुंटीला लावताना म्हणायचे, ‘झालं.’ एवढंच. पण माझ्या रिपोर्ट कार्डावर केमिस्ट्रीत बी आला की मात्र त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू त्यांना कन्सल्टंट न करणाऱ्या इंटरव्ह्यू पॅनलवर मीच बसलो होतो. मी मेडिसिनला जाणार, कन्सल्टंट होणार, हे ठरलेलं होतं. मला विचारलं होतं का? छे. एजवेअरच्या दामलेकाकांचा अमोल मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होता. मग विचारायचं काय त्यात.

आणि ज्या खेळावरून पुढे सगळं रामायण झालं तो खेळ घरात आणला तो बाबांनीच. त्यांच्या हॉस्पिटलात क्रेग नावाचा एक ऑस्ट्रेलियन ज्युनियर डॉक्टर आला होता. तो साउथहॅम्प्टनमध्येच राहायचा, त्यामुळे दोघं एकाच गाडीने जायचे-यायचे. घरापासून लांब आलेला मुलगा, म्हणून बाबांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. त्याने वरणभातावर तूप घेतलं, कोशिंबीर तीनदा मागून घेतली, आईला ‘मिसेस एस’ म्हणाला आणि अलार्म वाजल्यावर माझ्या हातातला टी-टॉवेल घेऊन स्वतःच वारा घातला. आई त्याच्यावर खूष. बाबा म्हणाले, ‘क्रेग, हा बघ नुसताच वाढतोय. टेक हिम समव्हेअर. याला जरा पळव.’ त्याच दुपारी क्रेग मला कॉमनवर घेऊन गेला. कॉमन म्हणजे शहराच्या मधलं मोठं मोकळं रान. तिथे प्लॅस्टिकचे आठ पाइप जमिनीत खोचून गोलपोस्ट केलेले, आणि दहा-पंधरा जण: प्लंबर, नर्स, बॅकपॅकर, एक आयरिश मास्तर. एकाने चेंडू उंच उडवला आणि क्रेग ओरडला, ‘गो अप!’ मी वर गेलो. कुणाच्या तरी पाठीवर माझा गुडघा टेकला, त्या पाठीने मला आणखी वर ढकललं, आणि वर सगळं एकदम शांत झालं. चेंडू हातात आला तो मी छातीशी धरला. त्याला मार्क म्हणतात. खाली आलो तेव्हा ती सगळी अनोळखी माणसं माझ्या डोक्यावर टपल्या मारत होती. मला मंदार म्हणणं त्यांना जमेना, म्हणून पाच मिनिटांत माझा मँडो झाला. आजवर मला कुणी कशासाठी निवडलं असेल तर त्या दुपारी. ती दुपार मला अजूनही हवीशी वाटते, आणि त्याचाच मला राग येतो.

दोन उन्हाळे मी दर रविवारी तिथे होतो. जीसीएसई, म्हणजे इकडची दहावी, संपल्यानंतरच्या सुट्टीत, एका साध्या सरावात, मी मार्क घेऊन खाली आलो आणि डावा पाय गवतात रुतला. मी वळलो, पाय वळला नाही. आत काहीतरी फटकन वाजलं. बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं. गाडीत बसेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. क्रेग म्हणाला, कॅज्युअल्टीत जाऊ या. मी म्हणालो, ‘डॅड घरी आहेत.’ तो म्हणाला, ‘फेअर इनफ, त्यांच्याहून चांगले हात तिथे तरी कुठले.’ आणि त्याने गाडी आमच्या घराकडे वळवली. चूक कुणाची हे मोजायचं झालं तर पहिला आकडा माझा, हे मी मान्य करतो.

टेबलावर आधीच टॉवेल होता, कारण रविवार. मला आडवं केलं. बाबांनी चष्मा डोक्यावर सरकवला, एका हाताने माझी मांडी धरली, दुसऱ्या हाताने गुडघ्याखालची पोटरी, आणि गुडघा जरासा वाकवून पोटरी हळूच पुढे ओढली. एकदा. मग उजव्या पायाला तसंच. मग परत डाव्याला. आणि मग त्यांचे हात तिथेच थांबले. बाहेर कुणाचं तरी लॉनमोवर चालू होतं, आत आई वाटीत आंबेहळद कालवत होती, तिच्या चमच्याचा आवाज येत होता. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो. ते माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते.

‘स्प्रेन आहे,’ ते म्हणाले. ‘तीन आठवडे आराम.’

‘एक्स-रे काढायला हवा का हो?’ आईने विचारलं.

‘हाडाला काही नाही.’

आणि ते खरं होतं. हे मी पुढे किती वर्षं चघळलं असेल. त्या माणसाने खोटं बोलतानासुद्धा एक वाक्य तंतोतंत खरं वापरलं. हाडाला काहीच नव्हतं.

आईने लेप लावला, वर क्रेप बँडेज बांधलं, आणि तीन आठवड्यांनी मी परत पळायला लागलो. सूज गेली, पण गुडघा मधूनच निसटायचा. जिन्यात शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं व्हायचं. बाबांना सांगितलं की म्हणायचे, ‘मसल वीक आहे, व्यायाम कर.’ मी करायचो, सकाळ-संध्याकाळ, वेड्यासारखा. आणि दर रविवारी खेळायला जायच्या आधी बाबा स्वतः मला टेबलावर बसवून पट्ट्या बांधून द्यायचे. इतकं सुंदर बांधायचे, एक सुरकुती नाही. दात लावून टेप तोडायचे आणि वरून दोन बोटांनी दाबून बघायचे. आमच्यात बोलणं असं फार नसायचंच. ती दहा मिनिटं मला फार आवडायची. बाबांना खेळ पसंत नाही, तरी माझ्यासाठी करतात, असं मला वाटायचं. क्रेगने एकदा विचारलं, ‘मेट, याचा स्कॅन झालाय ना?’ मी म्हणालो, ‘डॅडनी बघितलंय.’ ‘अरे हो,’ तो म्हणाला, ‘युअर डॅड इज द नी मॅन.’ विषय संपला. बाबांनी बघितलंय म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार?

मी उडी मारायचा पाय बदलला. डाव्याऐवजी उजव्यावरून उडायला शिकलो, आणि हे म्हणजे डावरं लिहायला शिकण्याइतकं सोपं. पुढच्या उन्हाळ्यात इकडच्या देशाच्या संघात घेतलं. देशाचा संघ म्हणजे काय, एक मिनीबस आणि उसन्या जर्सी. पण आयर्लंडच्या संघाशी मॅच झाली तेव्हा तिथे टेरी नावाचा एक माणूस टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. तो मेलबर्नच्या एका क्लबसाठी आयर्लंडमध्ये पोरं हेरत फिरायचा. उंच, हाताला चेंडू चिकटणारी, आणि अजून काही नीट शिकलेली नाहीत अशी पोरं त्याला हवी असायची, म्हणजे तिकडे नेऊन घडवता येतात. मॅचनंतर त्याने माझी उंची विचारली, मग आईची विचारली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. आईची उंची पाच फूट एक इंच आहे हे ऐकून त्याने डोकं खाजवलं. आणखी दोनदा येऊन त्याने मला खेळताना पाहिलं. आणि ए-लेव्हल्स, म्हणजे इकडची बारावी, संपल्या त्या आठवड्यात पत्र आलं. रूकी, म्हणजे नवशिका खेळाडू, म्हणून दोन वर्षं. मेलबर्न. राहायची सोय. लंडनला येऊन कागदांवर सह्या करायच्या आणि मेडिकल तपासणी.

मी ते पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना टेबलावर ठेवलं आणि आता घर डोक्यावर घेतील म्हणून श्वास धरून बसलो. बाबांनी हात धुऊन, पुसून, चष्मा लावून ते वाचलं. उलटून मागे बघितलं. परत वाचलं.

‘मेडिकल आहे म्हणजे,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘फुल मेडिकल?’

‘हो, तसंच लिहिलंय.’

‘मग जाऊन ये,’ ते म्हणाले, आणि भातावर ताक घेतलं.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. ती भांडायच्या तयारीत बसली होती, पदर खोचून. मी उठलो आणि बाबांच्या पाया पडलो. आमच्या घरात दिवाळीशिवाय कुणी कुणाच्या पाया पडत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मी त्या माणसाच्या पाया पडलो होतो, हे आठवलं की आजही गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर मूठ आपटते.

आईने बेसनाचे लाडू केले. अलार्म वाजला आणि पहिल्यांदाच कुणी वारा घालायला उठलं नाही, आम्ही दोघं हसत त्याच्याखाली उभे राहिलो. मंडळातल्या सगळ्यांना फोन झाले. बाबा ड्युटीवर होते, म्हणून आई माझ्याबरोबर कोच बसने लंडनला आली, काठाची साडी, वर ॲनोरॅक, आणि मांडीवर डबा. क्लबचं ऑफिस म्हणजे एका क्लिनिकच्या वरची भाड्याची खोली. अकरा वाजता मी सही केली. टेरीने हात मिळवून ‘वेलकम अबोर्ड’ म्हटलं, आणि आईने त्याला लाडू दिला. कागदावर तळाशी एक ओळ होती, मेडिकल पास झालं तरच हे सगळं लागू. मी ती वाचलीसुद्धा नाही. ती ओळ बाबांनी पत्रातच वाचली होती.

आधी स्कॅन झाला. मग आई आणि मी खाली वेटिंग रूममध्ये बसून पोळीभाजी खाल्ली. आई मेलबर्नला थंडी असते का, तिथे मंडळ असेल का, हे बोलत होती. एक वाजून गेल्यावर बोलावलं. डॉक्टर बाई ऑस्ट्रेलियन, साठीच्या, पांढरे आखूड केस. तिने आईलाही आत बसायला सांगितलं. मला आडवं केलं, एक हात मांडीला, एक पोटरीला, गुडघा जरासा वाकवला, आणि ओढला. एकदा. मग उजवा. मग परत डावा. आणि तिचे हात थांबले.

तिने अजून एक शब्द काढला नव्हता, पण मला हे सगळं माहीत होतं. हेच हात, हीच जागा, हेच तीनदा ओढणं आणि मग थांबणं. फक्त ती खिडकीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

‘किती दिवस असा सैल आहे?’

‘दोन वर्षं. स्प्रेन होता.’

तिने स्क्रीन आमच्याकडे वळवला. गुडघ्याच्या मधोमध एसीएल नावाचा जो दोर, म्हणजे लिगामेंट, असतो तो नव्हताच. तुटून, विरून गेला होता. आणि त्याच्याशिवाय दोन वर्षं उड्या मारून आतली गादीही फाटली होती, कूर्चा खरवडली गेली होती. तिने पेन्सिलीने एकेक दाखवलं. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, ‘मी तुला पास करू शकत नाही. नुसता लिगामेंट असता तर मी दोनदा विचार केला नसता. आमच्या निम्म्या पोरांचे बांधलेले आहेत. लगेच ऑपरेशन करून घेतलं असतंस तर वर्षात तू परत मैदानावर असतास. हे आता जे आहे ते लिगामेंटचं नाही, दोन वर्षांचं आहे.’ मग तिने विचारलं, ‘हे बघितलं कुणी?’

‘माय फादर.’

‘आणि ते काय करतात?’

आई बोलली. तिचं इंग्रजी हळू होतं, पण स्वच्छ. ‘ही इज अ सर्जन,’ ती म्हणाली. ‘ही डज नीज.’

बाई आईकडे बघत राहिली आणि मग तिने खाली मान घातली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

परतीच्या कोचमध्ये आई खिडकीशी बसली होती. मीच एकदा म्हणालो, ‘चुकलं असेल गं त्यांचं. होतं कधीकधी.’ तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. बाबांचा हात गुडघ्यावर चुकत नाही, हे आमच्या घरात लग्नानंतर आधी तिला आणि जन्मानंतर मला शिकवलेलं होतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं अजून. बाबा मागे कोथिंबिरीला पाणी घालत होते. आईने ॲनोरॅकसुद्धा काढला नाही. टेबलावरचं प्लॅस्टिक ओढून काढलं, कपाटातून निळा टॉवेल आणून अंथरला, आणि मागच्या दारातून हाक मारली, ‘अहो, आत या जरा.’

ते आले. हाताला माती होती.

‘हात धुवा,’ आई म्हणाली. ‘मंदार, झोप तू.’

‘काय झालं?’ बाबांनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं. सिंकशी उभे राहून ते ऑपरेशनला उभे राहणार असल्यासारखे कोपरापर्यंत हात धूत राहिले.

‘त्या दिवशी केलंत तसं परत करा,’ आई म्हणाली. ‘मला बघायचंय.’

त्यांनी केलं. डावा, उजवा, परत डावा. त्यांचे हात गार होते. आई टेबलाच्या टोकाशी, माझ्या डोक्याजवळ उभी होती, तिचा हात माझ्या केसांत होता.

‘आता सांगा.’

‘एसीएल गेलाय,’ बाबा म्हणाले. ‘कम्प्लीट टेअर.’

‘त्या दिवशी कधी कळलं?’

‘पहिल्यांदा ओढला तेव्हाच.’

मी उठून बसलो. ‘मग तीनदा कशाला ओढलात?’

ते टॉवेलची कड सरळ करत म्हणाले, ‘ऑपरेशन केलं असतं तर वर्ष गेलं असतं तुझं. ए-लेव्हल्सचं वर्ष. आणि बरा होऊन तू परत तिथेच गेला असतास. मला वाटलं, थोडा त्रास झाला की आपोआप सोडशील. सगळे सोडतात. मग परीक्षा झाल्यावर केलं असतं आपण ऑपरेशन, शांतपणे. मी स्वतः केलं असतं.’

‘मी सोडलं नाही ना पण.’

‘नाही सोडलंस.’

‘आणि पट्टी तुम्ही बांधत होतात.’

‘पट्टी बांधली नसती तर आणखी डॅमेज झालं असतं,’ ते म्हणाले, डॉक्टरी आवाजात, आणि तो आवाज त्यांनाच ऐकू गेला असावा, कारण ते खुर्चीत बसले. मग एकदम म्हणाले, ‘अरे तिथे जाऊन काय होणार होतास तू? दोन वर्षं वापरतात आणि टाकून देतात. दुसऱ्याच्या देशात, त्यांच्या दारात, घेतील का मला म्हणून उभं राहणं काय असतं ते मला विचार. मला तुझं तसं होऊ द्यायचं नव्हतं.’

‘मला घेतलं होतं, बाबा,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला नव्हतं घेतलं. मला घेतलं होतं.’

हे मी बोललो. त्याबद्दल मला लाज वाटायला हवी असं मी स्वतःला बरेचदा सांगून बघितलंय. वाटत नाही.

आईने टॉवेल गोळा केला आणि मशीनमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच सर्जरीत गेली आणि दोन नावं नोंदवून आली, तिचं आणि माझं. रविवारी बॉर्नमथहून कुणाचा तरी फोन आला, कंबर धरली आहे, येऊ का. आई म्हणाली, ‘आमच्याकडे आता बघत नाहीत. जीपीकडे जा.’ बाबा समोरच बसले होते. ती असेपर्यंत त्या टेबलावर परत टॉवेल अंथरला गेला नाही. बाकी सगळं तिने केलं, त्यांचा चहा, त्यांचे डबे, त्यांचं पथ्य; फक्त डोकं दुखलं तरी त्यांच्याकडून गोळी घेतली नाही, फार्मसीत जाऊन आणली.

माझ्या ऑपरेशनला नंबर लागला, जेवढं बांधता येत होतं तेवढं दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बांधलं. ए-लेव्हल्सचे रिझल्ट आले ते उत्तम होते, केमिस्ट्रीतसुद्धा ए. मी मेडिसिनची सीट घेतली नाही. तेवढं एकच माझ्या हातात होतं. क्रेग त्याच वर्षी परत गेला. जायच्या आधी घरी येऊन गेला, आईला भेटला, बाबांशी हात मिळवला नाही. आता मी बंदरात काम करतो, कुठलं जहाज कुठल्या क्रेनखाली लावायचं ते ठरवतो. काम वाईट नाही. ऑस्ट्रेलियाहून आलेलं जहाज यादीत दिसलं की मी ते दुसऱ्या कुणाला देतो.

आईला जाऊन चार वर्षं झाली. बाबा त्याच घरात एकटे असतात, आणि मी रविवारी त्यांचं सामान पोचवतो, कारण ती मला तसं सांगून गेली. आम्ही क्रिकेटवर बोलतो, कचऱ्याच्या बिनवर बोलतो, कौन्सिलने कुठला रस्ता खणलाय त्यावर बोलतो. परवा मी तांदळाची पिशवी माळ्यावर ठेवायला जिना चढलो आणि उतरताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरलो. गुडघा करकरत होता. बाबा टेबलाशी पेपर घेऊन बसले होते. त्यांना ऐकायला कमी येतं, पण तो आवाज त्यांना बरोबर ऐकू गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

‘दुखतो का रे अजून?’

‘दुखतो.’

पेपरची घडी घालून, चहाचा कप बाजूला सरकवून ते सवयीने टेबल मोकळं करायला लागले. ‘ये,’ म्हणाले, ‘बघू दे जरा.’

‘नको. जीपीने बघितलंय. एक्स-रे झाला.’

‘काय म्हणतो?’

‘बदलावा लागेल म्हणतो.’

त्यांनी मान हलवली. पेपर उचलला, उलगडला आणि पुन्हा खाली ठेवला.

‘या वयात?’ ते म्हणाले. ‘म्हणजे हाडापर्यंत गेलं?’

‘हो बाबा,’ मी म्हणालो. ‘आता हाडाला झालंय.’